हमालाला लागणारी मोकळी जागा

इनास, तुला मनोरीच्या मातीत ठेवून आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी घाटकोपरहून शहाशेठचा फोन आला. "माने, तुमचा मशीन पाछा परत झोपला. पडद्यावर सगळा दिसते, पण काय पण दाबा, हलत नाय. इनासभाईला पाठवा ना." मी म्हणालो, "मी येतो." फोनवर यापेक्षा जास्त बोलणं मला जमलं नाही.

दुकानात गेल्यावर सांगितलं. शहाशेठ गल्ल्यामागून उठला, चष्मा काढला, पुसला आणि न घालताच हातात धरून उभा राहिला. चार कारकून चार टर्मिनलसमोर हात बांधून बसले होते. मोटारीच्या सुट्या भागांची बिलं अडकली होती, बाहेर दोन टेम्पो उभे होते. मी मशीनकडे वळलो तसा तो म्हणाला, "राहू दे. आज बंद राहू दे. आज आम्ही हाताने बिल लिहू." मग कारकुनांना म्हणाला, "कार्बन काढा." त्या दिवशी मला कुणीतरी कामाला हात न लावता बसू दिलं ते फक्त तिथे. आपल्या ऑफिसात नाही.

तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझ्या नोकऱ्या, हे मी लिहिणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली. ती आधीच सांगून टाकतो. सांगलीच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला शिकवायची नोकरी मिळाली आहे. दिवाळीनंतर हजर व्हायचंय. आई जतला एकटी असते आणि काचबिंदूने तिची नजर बहुतेक गेली आहे. स्टोव्ह ती आता आवाजावर लावते. सांगलीला खोली घेतली तर तिला आणता येईल. तू असतास तर मी गेलो असतो. आता आपलं कर्नेल ओळखणारा मी एकटाच उरलोय, त्यामुळे मला कुणी जाऊ देत नाही. खरं सांगायचं तर माझा पायही निघत नाही.

ज्यांना या कामातलं काही माहीत नाही अशी माणसंही हे वाचतील, म्हणून थोडं सांगतो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅम्सच्या खाली एक मूळ प्रोग्रॅम असतो, तो कर्नेल. कुणाला किती मेमरी द्यायची, कधी द्यायची, कधी काढून घ्यायची, ते तो ठरवतो. बाहेरून आणलेलं कर्नेल आपल्या कंपनीने बनवलेल्या मशीनवर बसवायचं आणि चालतं ठेवायचं, हे तुझं काम होतं. मी आलो आणि ते आपलं झालं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात पहिल्या दिवशी मी आलो तेव्हा मशीनरूमचा दरवाजा माझ्यामागे स्प्रिंगने आपोआप बंद झाला. खिडकी नाही. एसीची घरघर. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय हे कळायचा मार्ग नाही. मी तुला म्हणालो, "सर, माझी जागा कुठे?" तू मान वर न करता म्हणालास, "सर कुणाला म्हणतोस रे? सर तिकडे केबिनमध्ये बसतो, टाय लावून. मी इनास. तो स्टूल ओढ आणि बस." जतच्या नगरपालिकेच्या शाळेत मास्तरांना नावाने हाक मारली असती तर हातावर पट्टी बसली असती. तुला नावाने हाक मारायला मला पुढचे कित्येक आठवडे लागले. तोवर मी नुसतं "अहो" म्हणत होतो आणि मीनल गोरे मला हसत होती. "अहो काय, लग्न झालंय का तुमचं त्याच्याशी?" मीनल आपल्या टेस्टिंगची. रोज मुलुंडहून यायची आणि आपण केलेलं सगळं मोडून दाखवायची.

मला मशीनची भीती वाटायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, आणि इतकी महाग वस्तू माझ्या हातून बिघडेल असं मला सतत वाटायचं. हे तुला न सांगता कळलं होतं. एक दिवस तू जेवायला जाताना म्हणालास, "मी येईपर्यंत हे मशीन पाडून ठेव. काय पण कर. उठलं नाही पाहिजे." मी पाडलं. तू परत आलास, बघितलंस आणि म्हणालास, "झकास. आता उठव." त्या दुपारी मी जे शिकलो ते कॉलेजच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो. ह्याचे आभार मी तुला कधी मानले नाहीत. तू चेष्टा केली असतीस.

मेमरी म्हणजे सारख्या आकाराची पेजेस. प्रोग्रॅम मागतात, कर्नेल देतं. पेजेस संपत आली की कर्नेलचाच एक छोटा प्रोग्रॅम उठतो, ज्या पेजला बराच वेळ कुणी हात लावलेला नाही ते उचलतो, डिस्कवर नेऊन ठेवतो आणि जागा मोकळी करतो. तू त्याचं नाव ठेवलं होतंस हमाल. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा मी कोड वाचता वाचता थांबलो. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हणालो, "माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते." तू लगेच म्हणालास, "बदलू या नाव, यार. मला काय माहीत." मी म्हणालो, "नको. राहू दे. सगळं मशीन त्याच्यावर चालतं." ते नाव आजही तसंच आहे.

शहाशेठचं मशीन दुपारीच का अडकतं ते आपल्याला कळत नव्हतं. दुपारी चारही टर्मिनल चालू असायचे, ते एक कारण. पण मशीन हळू चालणं वेगळं आणि थिजणं वेगळं. मेमरी कमी पडली तर हमाल आहे ना, मग अडकतं कोण? आपण कोड वाचून वाचून दमलो. तेव्हा तू मशीनरूमच्या त्या उचलता येणाऱ्या चौकोनी फरशांवर खडूने एक मोठा चौकोन आखलास आणि ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलंस. एक फरशी म्हणजे एक पेज. माणसं म्हणजे प्रोग्रॅम. ज्याला जागा पाहिजे त्याने मोठ्याने मागायची आणि मिळालेल्या फरशीवर आपली वस्तू ठेवायची. मीनलने पर्स ठेवली, मग छत्री, मग डबा. अकाउंट्सच्या कुलकर्णींनी चप्पल काढून एकेका फरशीवर एकेक ठेवली, त्यावरून मीनल म्हणाली, "कुलकर्णी, ही मेमरी आहे, देऊळ नाही." फरशा मी वाटत होतो. तू हमाल झाला होतास. हातात चहाचा ट्रे. वस्तू उचलून दाराजवळच्या टेबलावर न्यायची, ते टेबल म्हणजे डिस्क.

नियम कोडमध्ये होते तसेच्या तसे पाळायचे, असं तू सगळ्यांना बजावलं होतंस. आणि कोडचा नियम असा होता की कुठलीही वस्तू उचलण्याआधी हमालाने आपला ट्रे एका रिकाम्या फरशीवर टेकायचा. म्हणजे डिस्कवर लिहिण्याची तयारी करायला त्याला स्वतःला एक पेज लागायचं. एरवी काही बिघडत नसे, कारण तो निघायचा तेव्हा दोन-चार फरशा रिकाम्या असायच्या. पण तिघांनी एकदम मागितलं आणि मी तिघांना दिलं. तू ट्रे घेऊन आलास तेव्हा एकही फरशी रिकामी नव्हती.

तू तसाच उभा राहिलास. मीनल म्हणाली, "पुढे?"

"पुढे काही नाही."

"अरे, माझी छत्री उचल ना. ती मला आत्ता नकोय."

"उचलायला ट्रे टेकायला पाहिजे. टेकायला जागा नाही."

"मग कुणीतरी जागा दे त्याला."

"कोण देणार? जागा मोकळी करणारा मीच आहे."

कुलकर्णी एका पायावर तोल सावरत म्हणाले, "म्हणजे आम्ही किती वेळ असं उभं राहायचं?" तू म्हणालास, "मशीन बंद करेपर्यंत." आधी सगळे हसले. मग हळूहळू हसणं थांबलं, आणि त्या बंद खोलीत आठ-दहा माणसं आपापल्या फरशीवर खरोखरच न हलता उभी राहिली. कुणी धरून ठेवलं नव्हतं. तरी कुणाला हलता येत नव्हतं. मोकळं करायला मोकळं लागतं, आणि तेवढंच नव्हतं.

इथून आपलं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं साधं होतं. थोडी पेजेस हमालासाठी कायम राखून ठेवायची. कितीही ओरड झाली तरी ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत. तू त्या फरशांवर खडूने फुली मारून दाखवलीस. मला ते पटेना. भांडुपला मामाच्या खोलीत आम्ही इतकी माणसं झोपतो की कपाट आणि मोरी यांच्या मधली जागा माझी, आणि कूस बदलायची तर शेजारी मामेभावाला सांगावं लागतं. वापरता येण्यासारखी जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, ही कल्पनाच मला उधळपट्टीची वाटत होती. मी म्हणालो, हमालाला लवकर उठवू. पेजेस संपायच्या पुष्कळ आधी त्याने निघायचं, म्हणजे त्याला जागा मिळेलच.

"लवकर निघून काय होतं रे? गर्दी एकदम आली तर?"

"इतकी एकदम येणार नाही."

"मार्व्याच्या जेटीवर ये कधी रविवारी. मग बघ कशी येते." आणि मग तू मला होडीचं सांगितलंस. मार्व्याहून मनोरीला जाणारी होडी भरते तेव्हा लोक टोपल्या, सायकली, कोंबड्या घेऊन चढतात. पण होडीवाला आपल्या उभं राहण्याच्या जागेवर आर्चबिशपलाही बसू देत नाही. ती जागा भरली तर होडी भरलेली असेल, पण पलीकडे जाणार नाही. मी म्हणालो, "होडीचं आणि मेमरीचं काय?" तू म्हणालास, "तू मठ्ठ आहेस."

केबिनमधल्या सबनीस साहेबांनी माझी बाजू घेतली, तुला आठवत असेल. गिऱ्हाइकाने सगळ्या मेमरीचे पैसे दिलेत आणि त्यातली काही आपण रिकामी ठेवतो हे त्याला कसं सांगणार, असं ते म्हणाले. माझा बदल मशीनवर बसवला. मशीन अडकायचं कमी झालं, बंद झालं नाही. महिना-महिना चालायचं आणि मग एखाद्या दुपारी थिजायचं. प्रत्येक वेळी तू घाटकोपरला जायचास आणि आल्यावर माझ्या टेबलावर खडूचा तुकडा ठेवायचास.

आपल्या दोघांखेरीज तिसऱ्या कुणाला हे शिकवू या, असं तू केबिनमध्ये जाऊन किती वेळा म्हणालास. मीनलचं नावही सुचवलंस. साहेब म्हणायचे, पुढच्या रिलीजनंतर. शिकवायला वेळ पाहिजे, वेळ आपल्या दोघांकडे नाही, कारण काम करणारे आपण दोघंच. ही गाठ आपण रोज डोळ्यांसमोर बघत होतो. ती मशीनमधल्या गाठीसारखीच आहे, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग तुझे डोळे पिवळे झाले. मीनलने आधी पाहिलं. "इनास, आरशात बघ जरा. हळद लागल्यासारखा दिसतोस." तू म्हणालास, "चर्चमध्ये हळद नसते गं." आणि दोन दिवस घरी राहिलास. तिसऱ्या दिवशी शहाशेठचा फोन आला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पुण्याला होतो. साहेबांनी तुला निरोप धाडला. काविळीत पडून राहायचं असतं हे तुला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं. तू होडीने आलास, बसने आलास, लोकलने आलास, मशीन उठवलंस आणि परत गेलास. असं आणखी दोनदा झालं. मी कुणाला दोष देत नाही. कुणाला द्यावा हे मला कळत नाही. तू नाही म्हणू शकत होतास, असं रागाने मनात येतं आणि मग माझं मलाच वाटतं, मी तरी कधी नाही म्हटलं?

हॉस्पिटलात भेटलो तेव्हा तुझा आवाज बसला होता. मी सांगलीचं सांगायला आलो होतो. तू विचारलंस, "काय रे, काही बोलायचंय?" मी म्हणालो, "नाही, सहज." पिवळ्या चेहऱ्यावर हसू आणून तू म्हणालास, "सहज येणारा माणूस केळी आणतो. तू हात हलवत आलायस." मग तू डोळे मिटलेस आणि थोड्या वेळाने, मला वाटलं झोपलास, तर म्हणालास, "जास्त नाही. थोडीच पेजेस ठेव. पण ठेव." मी म्हणालो, "तू बरा हो, मग भांडू." यावर तुझं काही उत्तर असणार. ते मला मिळालं नाही.

दफनानंतर तुमच्या अंगणात तुझ्या आईने माझा हात धरला. "तू माने ना? इनास तुजाच नाव घे." मग विचारलं, "तो मशीन चालू झाला का रे? ह्याला लय घोर होता त्याचा." मी म्हणालो, "झालं, आई." आणि परतताना जेटीवर सबनीस साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माने, आता सगळं तुझ्यावर." ते मायेने म्हणाले असतील. मला मशीनरूमचा तो दरवाजा स्प्रिंगने बंद होताना ऐकू आला.

शहाशेठने बिलं हाताने लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझा बदल केला. थोडी पेजेस, फक्त हमालाची. मागणाऱ्याने मागितली तरी कर्नेल नाही म्हणतं आणि त्याला थांबायला लावतं. हमाल येतो, टेकतो, उचलतो, जागा होते, मग थांबलेल्याला मिळते. मुद्दाम सगळे टर्मिनल एकदम पळवून बघितले. मशीन हळू झालं, रडल्यासारखं झालं, पण थिजलं नाही. शहाशेठकडे बसवून आलो. तुझ्या आईला जे सांगितलं ते आता खरं आहे. तरीही सगळंच तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. हमालाला लवकर उठवावंही लागतंच. नुसत्या राखीव पेजेसवर मशीन फार रांगतं. दोन्ही पाहिजे. तू असतास तर म्हणाला असतास, "म्हणजे माझंच." आणि मी म्हणालो असतो, "अर्धं."

त्यानंतर मी केबिनमध्ये जाऊन सांगलीचं सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "वेडा आहेस का? तुझ्याशिवाय इथे कोण आहे?"

"मीनल आहे."

"तिला काय येतं?"

"काही नाही. म्हणून शिकवायचंय. रोज सकाळी. त्या वेळात मला दुसरं काम द्यायचं नाही. फोनही नाही."

"आणि गिऱ्हाइकाचं मशीन पडलं तर?"

"दुपारपर्यंत पडलेलं राहील."

"आणि ती तयार झाली नाही तर? तुला रिलीव्हिंग लेटर मी देणार नाही, सांगून ठेवतो." मी म्हणालो, "बरं." जतहून आलो तेव्हापासून ज्याने नोकरी दिली त्याच्यापुढे मी मान खाली घालूनच बोललो आहे, आणि ते उपकार मी आजही विसरलेलो नाही. साहेबांनी पेन परत उचललं. मग म्हणाले, "दहा वाजेपर्यंत. नंतर तू माझा."

मी सुटलो असं वाटून घेऊ नकोस. दिवाळी तोंडावर आली आहे, मीनलचं शिकणं अर्ध्यावर आहे आणि लेटरचं काहीच ठरलेलं नाही. आई प्रत्येक पत्रात शेजारच्या मुलीकडून लिहून घेते, खोली बघितलीस का? मी उत्तरात हवामान लिहितो.

पण काल सकाळचं तुला सांगतो. मीनलने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कर्नेलमध्ये बदल केला आणि मशीन उठेना. पडद्यावर एक ओळ येऊन थांबली. चूक कुठे आहे ते मला मागे उभ्या उभ्या दिसलं. मी पुढे वाकून हात लांब केला, तर तिने तो बाजूला सारला. "सांगू नकोस. आणि मागे उभा राहून श्वास पण घेऊ नकोस, मला कळतंय तुला माहितीये ते. बाहेर जाऊन बस."

"साहेब विचारतील, बाहेर का बसलोय?"

"सांग, मीनलने बसवलंय."

मी बाहेर आलो. व्हरांड्यात एक बाकडं आहे, त्यावर एवढ्या वर्षांत मी कधी बसलो नव्हतो. समोर रस्त्यावर ऊन पडलं होतं, एक माणूस हातगाडीवरून लोखंडी पट्ट्या उतरवत होता. माझ्या हातात काही नव्हतं आणि कुणी मला हाक मारत नव्हतं. इनास, मी उठलो नाही.